पडद्यावरचा कॅल्क्युलेटर

गेटच्या परीक्षेला स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही, हे ज्यांच्या घरी इंजिनियर नाही त्यांना ठाऊक नसेल. एम.टेक.चे प्रवेश या परीक्षेच्या गुणांवर होतात, काही सरकारी कंपन्या नोकऱ्याही देतात. 2016 पासून तिथे संगणकाच्या पडद्यावरच सायंटिफिक कॅल्क्युलेटर मिळतो. साइन, कोसाइन, लॉग, सगळं आहे त्यात. पण कीबोर्डला हात लावायचा नाही. माउसने एकेक आकडा टिचकवायचा. ती चौकट नेमकी प्रश्नावर येऊन बसली तर धरून बाजूला सरकवायची. आणि आलेलं उत्तर पुन्हा एकेक अंक टिचकवत उत्तराच्या रकान्यात भरायचं. तीन तासांत 65 प्रश्न.

माझी नात येत्या फेब्रुवारीत ही परीक्षा दुसऱ्यांदा देणार आहे. मागच्या वेळी थोडक्यात हुकलं. कशाने, ते तिने घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. दिवाळीला आली तेव्हा मला सांगितलं. प्रश्न मोठा होता, पण त्यातली पायरी साधी. 20 अंशांच्या उतारावर 50 न्यूटन वजनाचा ठोकळा, उताराच्या दिशेने ओढ किती? 50 गुणिले साइन 20, म्हणजे 17.10. हिच्याकडे आलं 45.65. आधीच्या प्रश्नासाठी कोन रेडियनमध्ये ठेवला होता, तो परत अंशांवर आणायचा राहिला. पुढचं सगळं गणित बिनचूक! उत्तरतालिका आली तेव्हा कळलं.

मला राहून राहून वाटलं, की 45.65 बघून तिला शंका कशी आली नाही? 30 अंशांच्या उतारावर बरोबर निम्मी ओढ असते, 25. मग 20 अंशांवर त्याहून जास्त कशी असेल?

आम्ही लॉगचे तक्ते वापरायचो तेव्हा अंदाज करण्यावाचून सुटकाच नव्हती. 347.5 गुणिले 0.0286 करायचं, तर तक्त्यात फक्त मँटिसा मिळायची. कॅरॅक्टरिस्टिक ज्याची त्याने काढायची. पहिल्याची दोन, दुसऱ्याची बार दोन, बेरीज शून्य. म्हणजे दशांशचिन्हाच्या आधी एकच अंक, हातचा आला तर फार तर दोन, हे पुस्तक उघडायच्या आत कळायचं. मग तक्ता सांगायचा 9.94. मी मराठीची बी.ए., पण शाळेत गणिताला माणूस नसे तेव्हा हे शिकवलेलं आहे. पोरं बारच्या आडव्या रेघेला फार वैतागायची.

हे नातीला ऐकवलं तर म्हणाली, "आजी, बारावीला मीपण तेच तक्ते वापरलेत. एक ओळ खालची वाचली की संपलं. आणि इथे एका प्रश्नाला तीन मिनिटंसुद्धा मिळत नाहीत गं." आपल्या बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, त्यामुळे तिला तक्त्यांचा जाच चांगला माहीत आहे. तिचं म्हणणं खोटं नाही. तक्ते परत आणा असं मी म्हणणार नाही, डोळे गेलेत आमचे त्यात.

पण एक सुरू केलंय. रोज रात्री ती फोन करते. पडद्यावर तसाच सरावाचा कॅल्क्युलेटर उघडलेला असतो. मी गणित वाचते, आणि माउसला हात लावायच्या आधी तिने साधारण उत्तर सांगायचं. पहिले चार दिवस चिडचिड झाली. "वेळ जातो" म्हणे. आता निम्म्या वेळा तरी जवळपास येते.

काल साइन 7 अंश विचारलं. लगेच म्हणाली, "शून्य पॉइंट बारा." मग टिचकवलं, तर 0.1219.

"तोंडपाठ केलंस की काय?"

"नाही गं. सात अंशांचे रेडियन केले. लहान कोनाचं साइन जवळजवळ तेवढंच असतं."

मग म्हणाली, "पुढचं सांग, लवकर. जेवायचंय अजून."