माथेरानचा सामाईक घोडा

गेल्या वैशाखात आम्ही घरची सात माणसे माथेरानास गेलो होतो. नेरळहून डोंगर चढून येणारी मोटार दस्तुरी नाक्याशी थांबते. त्यापुढे रुग्णवाहिकेसारखा अपवाद सोडला, तर खाजगी मोटारीस मज्जाव आहे. १९०७ साली सुरू झालेली नेरळची छोटी आगगाडी, पायवाट आणि घोडा ही या गावची जुनी वाहने. अलीकडे त्यांत ई-रिक्षांची भर पडली आहे. तांबड्या मातीचे रस्ते, दोहों बाजूंस दाट झाडी आणि पानांआडून दिसणारी दरी, असा तो देखावा. मोटारींचा कर्णा कानी पडत नाही, त्यामुळे घोड्यांच्या टापांचा आवाज दूरवरूनही स्पष्ट ऐकू येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शार्लट तलावाकडून लुईझा पॉइंटास जाण्याचे ठरले. सातांसाठी सात घोडे करणे खर्चाचे. शिवाय निम्म्या मंडळींस चालण्याची हौस. तेव्हा एकच घोडा सामाईक करावा आणि ज्याने त्याने आळीपाळीने बसावे, असा बेत वहिनींनी मांडला. घरात एक पाट सर्वांचा असतो, तसा हा घोडा सर्वांचा! बेत सर्वांस पसंत पडला. माझ्या मनात मात्र एक शंका घर करून बसली. आमचे काका वजनाने चांगलेच भारदस्त. ते वयाने वडील, स्वभावाने मानी. पहिली पाळी अर्थातच त्यांची असावयाची. हा विषय त्यांच्यापुढे काढावा कोणी?

ही शंका अनुभवातून आलेली होती. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका थंड हवेच्या ठिकाणी आमच्याबरोबर आलेले एक स्थूल पाहुणे अशाच लहानखुऱ्या तट्टावर दोन तास बसले होते. वाटेत ते जनावर दोनदा अडखळले. आम्ही सर्वांनी ते पाहिले आणि पाहुण्यांचा मान राखावा म्हणून सर्वच गप्प राहिलो. परतल्यावर खोगीर उतरविले, तेव्हा पाठीवरची कातडी सोलवटून ओली झालेली दिसली. पाहुण्यांनीही ती पाहिली. त्यानंतर मुक्कामभर त्यांचा चेहरा उतरलेला होता. आमच्या मौनाने घोड्याची पाठ गेली आणि पाहुण्यांचा मानही राहिला नाही.

इकडे माथेरानात मी शब्द जुळवीत असतानाच आमच्या धाकट्या पुतण्याने घोटाळा केला. "काकाआजोबांना घोडा कशाला? हत्तीच हवा!" असे तो मोठ्याने बोलून गेला. मुले हसली. काका हसले नाहीत. "मला नकोच घोडा, तुम्ही बसा," असे म्हणून ते बाजूच्या दगडावर जाऊन बसले. वहिनींनी पोरास डोळ्यांनी दटावले. पण गेलेला शब्द परत थोडाच येतो?

त्या वेळी आमच्या घोडेवाल्याने जे केले, ते लिहून ठेवावे असे वाटते. तो प्रौढ, मितभाषी गृहस्थ. हसणे ऐकू आलेच नाही अशा रीतीने तो घोड्याचा तंग आवळीत म्हणाला, "दादा, माझ्या घोड्याचं वजन साडेतीनशे किलोच्या आसपास. पाचवा हिस्सा झाला सत्तर. खोगीर-नमदा सात-आठ. राहिले बासष्ट. तेवढ्यापर्यंतचं माणूस मी बसवतो. आता तुमचं सांगा."

त्याने प्रथम विचारले ते मला! मी स्वतःस सडपातळ समजणारा माणूस. माझे वजन बहात्तर किलो. "मग तुम्ही चालायचं," तो शांतपणे म्हणाला. दादा अडुसष्ट, तेही गळाले. काकू आणि वहिनी बसल्या हिशेबात. मुले तर बसलीच. दगडावरचे काका मान वळवून ऐकत होते. माझी फजिती पाहून त्यांच्या मिशीखाली हसू फुटले. "ये रे, आपण दोघे पायदळातले," ते म्हणाले आणि काठी टेकीत उठले.

पाचव्या हिश्श्याचा हा हिशेब त्याने मनाने काढलेला नव्हे. अमेरिकेत आठ घोड्यांवर केलेला एक प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात शरीराच्या पंधरा, वीस, पंचवीस आणि तीस टक्के भार घोड्यांवर घालून पाहिला. वीस टक्क्यांपर्यंत फारसा त्रास दिसला नाही. पंचवीसच्या पुढे मात्र पाठीचे स्नायू दुखरे व ताठर झाले. ग्रीस देशाने २०१८ साली गाढवांच्या पाठीवरील ओझ्यास शंभर किलो किंवा शरीराचा पाचवा भाग अशी मर्यादा घातली. आपल्याकडील १९६५ च्या नियमांत ओझ्याच्या तट्टास सत्तर किलो व गाढवास पन्नास किलो ही सीमा आहे. घोडा म्हातारा, कृश वा लंगडा असेल, किंवा वाट चढाची असेल, तर हिशेब याहूनही आखडता धरावा.

सामाईक घोड्याविषयी आणखी एक गोष्ट आम्हां शहरवासीयांच्या ध्यानात येत नाही. आळीपाळीने बसल्याने विसावा मिळतो तो बसणाऱ्यास, घोड्यास नव्हे. त्याच्या पाठीवर कोणी ना कोणी असतेच. म्हणून दर पाळीनंतर आमचा घोडेवाला तंग सैल करून काही वेळ घोडा रिकामा चालवी.

तात्पर्य असे की, वजनाची गोष्ट काढावयाची ती घोडा ठरविण्यापूर्वी, सर्वांपुढे आणि सर्वांसाठी एकच काढावी. आरंभ घोड्यापासून करावा, माणसापासून नव्हे. "तुम्ही जड आहात" हा दोषारोप झाला. "हा घोडा इतकेच उचलतो" ही नुसती माहिती झाली. थट्टा तर मुळीच नको आणि भिडेचे मौनही नको. ज्यांस चालणे झेपत नाही, त्यांच्यासाठी दस्तुरीपासून गावापर्यंत ई-रिक्षा अथवा अमन लॉजहून सुटणारी छोटी गाडी आहे, हेही त्याच वेळी सांगावे, म्हणजे कोणास मागे टाकल्यासारखे वाटत नाही.

लुईझा पॉइंटास पोहोचलो, तेव्हा समोर प्रबळगडाचा कडा उन्हात उभा होता. परतताना काकांनी घोड्याची दोरी आपल्या हाती मागून घेतली. घोड्यावर तोच धाकटा पुतण्या बसला होता. वाटेत खाली वाकून तो हळूच म्हणाला, "काकाआजोबा, चुकलो मी." काकांनी उत्तर दिले नाही, फक्त चढ आला तेव्हा दोरी थोडी सैल सोडली आणि म्हणाले, "पुढे वाकून बस, म्हणजे त्याला सोपे जाईल."