तीन तास, एक प्रश्न

वैद्यकीय संशोधकाला काय शिकवावे असा विषय निघाला की नीतिशास्त्र, संख्याशास्त्र आणि चिकित्सक विचार ही तीन नावे हमखास पुढे येतात, आणि तीन वेगळ्या शिक्षकांच्या तीन वेगळ्या तासांत वाटून टाकली जातात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना संख्याशास्त्र शिकवताना ही वाटणी आम्हांला सतत सलत आली आहे. प्रबंधाची मुदत तोंडावर आली की विद्यार्थी येतो आणि विचारतो, "सर, पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली येईल ना?" प्रयोग आटोपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणे हे शवविच्छेदनासारखे आहे, अशा आशयाचे रोनाल्ड फिशर १९३८ साली कलकत्त्यात बोलले होते. आमच्याकडे मात्र शवविच्छेदनाची नव्हे, संजीवनीची अपेक्षा असते.

प्रश्न वरवर गणिताचा दिसतो. पण वयोगट पुन्हा पुन्हा पाडले, गैरसोयीचे रुग्ण वगळले, तर आकडा कधी ना कधी खाली येतोच. मुळात काहीच फरक नसलेल्या वीस तुलना केल्या, तर सरासरीने एक निव्वळ योगायोगाने 'अर्थपूर्ण' ठरते. ती एकच छापायची आणि एकोणीस दडवायच्या, हे गणित की नीती?

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातले प्रकरण आम्ही यासाठीच वर्गात सांगतो. जनुकांच्या नोंदींवरून कर्करोगाच्या कोणत्या रुग्णाला कोणते औषध लागू पडेल हे सांगता येते, असा दावा अनिल पोट्टी आणि सहकाऱ्यांनी २००६ साली केला. त्याच्या आधारे रुग्णांवर चाचण्याही सुरू झाल्या. ह्यूस्टनचे कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्स हे संख्याशास्त्रज्ञ ती आकडेमोड पुन्हा करून पाहू लागले, तेव्हा जनुकांची यादी एका ओळीने सरकलेली निघाली. काही ठिकाणी औषधाला दाद देणारे आणि न देणारे यांची अदलाबदल झालेली होती. २००९ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. पोट्टींनी २०१० साली राजीनामा दिला, पुढे शोधनिबंध मागे घेतले गेले, आणि २०१५ साली अमेरिकन सरकारच्या चौकशीत गैरवर्तनावर शिक्कामोर्तब झाले. एका ओळीची चूक कोणाच्याही हातून होईल. पण दाखवून दिल्यावरही ती मानायची नाही, येथे संख्याशास्त्र संपते.

तरीही आमचे मन रेंगाळते ते त्याच प्रयोगशाळेतील एका वैद्यकीय विद्यार्थ्यापाशी. पडताळणीची पद्धत विश्वासार्ह नाही, हे त्याने २००८ सालीच लेखी कळवले होते. वरिष्ठांनी प्रकरण वाढू दिले नाही. त्याने निबंधांवरून आपले नाव काढून घेतले, प्रयोगशाळा सोडली आणि संशोधनाचे वर्ष दुसरीकडे पुन्हा केले. आकडे त्याला कळत होते, शंका घेता येत होती, सचोटीही होती. जे त्याला शिकवायला हवे ते सारे तो शिकलेला होता. शिकायचे राहिले होते ते ऐकणाऱ्यांचे.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन व प्रकाशन नीतीचा ३० तासांचा अभ्यासक्रम आवश्यक ठरवला. हे स्वागतार्हच आहे. पण मार्गदर्शकापुढे मान वर करून "ही ओळ चुकली आहे" असे म्हणण्याची सवय तासांनी लागत नाही. 'गुरुवाक्य प्रमाण' ही वृत्ती आपल्यात खोलवर मुरलेली आहे. म्हणून आम्ही अलीकडे एक साधा क्रम पाळतो. माहिती गोळा करण्यापूर्वी विद्यार्थ्याने कोणती तुलना करणार ते लिहून द्यायचे. नंतर त्याच माहितीवरून दुसऱ्याने स्वतंत्रपणे उत्तर काढायचे. आणि दोन्ही उत्तरे जुळली नाहीत तर मार्गदर्शकासमोर दोघांनी बोलायचे. पहिल्या फेरीत बोलणे अवघड जाते, विद्यार्थ्यांना कमी आणि मार्गदर्शकांना अधिक.

औषध घेणाऱ्या रुग्णाला पी-व्हॅल्यू ठाऊक नसते. सरकलेली ती एक ओळ त्याच्या वतीने कोणीतरी पाहिली असेल, एवढ्या विश्वासावर तो संमतीपत्रावर सही करतो.