सुईचे वय

"ह्याची पिन अडकलीय" असे आपण एखाद्याला म्हणतो, पण ती पिन प्रत्यक्ष अडकलेली ऐकलेले लोक आता चाळिशीच्या पुढचेच. तरी रेकॉर्ड ऐकणारे हल्ली पुन्हा दिसू लागलेत आणि जुनी कार्ट्रिज शोधणारेही. मी त्यांतलाच. दिवसभर कचेरीत फायली, संध्याकाळी वडिलांच्या वेळच्या चाळीसेक एलपी. त्यांतली काही नाट्यगीते मला सीडीवर कुठेच मिळाली नाहीत. म्हणून वापरलेली कार्ट्रिज बघताना किमतीआधी मी एकच विचारतो, सुई किती झिजलीय?

झिजलेली सुई नुसती वाईट वाजत नाही, ती रेकॉर्ड खाते. एलपीच्या साध्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण १८ मायक्रॉन. ती खाचेच्या दोन्ही भिंतींना टेकून चालते. हिरा झाला तरी घासून त्या दोन जागी सपाट पैलू पडतात. पैलूंच्या कडा पटाशीसारख्या भिंती तासतात. मग नवी सुई बसवली तरी तासला गेलेला सूर परत येत नाही.

विकणारा म्हणणार, "बाब, चारच दिवस वाजवलीय!" अशा वेळी कारकुनी हिशेब उपयोगी पडतो. ऑडिओ-टेक्निका आपल्या व्हीएम९५ मालिकेतल्या लंबगोल सुईचे आयुष्य सुमारे ३०० तास सांगते, मायक्रोलिनियरचे १०००. एलपीची एक बाजू वीस मिनिटांची धरली तर ३०० तास म्हणजे ९०० बाजू. रोज एक एलपी दोन्ही बाजूंनी ऐकणाऱ्याची सुई सव्वा वर्षात संपली. कपाटभर रेकॉर्ड असलेल्या घरात "चार दिवस" कसे पटावेत?

आता पाहायचे काय? आधी मऊ ब्रशने सुई मागून पुढे अशी साफ करावी, कारण धुळीचा गोळा झिजेसारखाच आवाज देतो. साध्या भिंगातून सुईची दांडी वाकडी आहे का, हिरा जागेवर आहे का, एवढे कळते. झीज कळायला शेदोनशे पट दाखवणारा सूक्ष्मदर्शक हवा. उजेड तिरपा पाडला की झिजलेल्या टोकावर दोन बाजूंना दोन ठिपके मांजराच्या डोळ्यांसारखे चमकतात. आपल्याकडे आणखी एक पाहावे. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत दांडीवर गंज चढतो. दांडीखालचे रबरही वयाने कडक होते किंवा बसते, आणि मग कार्ट्रिजचे पोट रेकॉर्डला लागू पाहते. न वाजवलेली सुई म्हणजे नवी सुई, असे म्हणूनच नाही.

सूक्ष्मदर्शक नसेल तर कान आहेत. ओळखीची, पण जिवापाड नसलेली रेकॉर्ड सोबत न्यावी आणि बाजूचे शेवटचे गाणे लावावे. मध्याजवळ खाच सुईखालून कडेच्या निम्म्याहून कमी वेगाने सरकते, त्यामुळे सूर दाटीवाटीने कोरलेले असतात. तिथे 'स', 'श' फुटत असतील, तार सप्तकात खरखर येत असेल, तर संशय घ्यावा. संशयच, कारण कार्ट्रिज तिरकी बसवली असली तरी असेच होते.

माझा नियम सोपा आहे. सुईची किंमत शून्य धरायची आणि फक्त कार्ट्रिजच्या अंगाचे पैसे द्यायचे. मूव्हिंग मॅग्नेटची सुई बहुधा ओढून बदलता येते. मल्टिमीटर लावून दोन्ही कॉइल शाबूत आहेत हे बघितले की झाले. मात्र नवी सुई मिळते का, हे आधी विचारावे. शुअर कंपनीने २०१८ साली कार्ट्रिज बनवणे थांबवले. तिच्यासाठी आता इतरांच्या सुयांवर भागवावे लागते. मूव्हिंग कॉइलची सुई सहसा घरी बदलत नाही, तेव्हा तिथे झीज म्हणजे मोठा खर्च.

१९७७ साली व्हॉयेजर यानांवर जी सोनेरी तबकडी गेली, तीत आपल्या केरीच्या केसरबाईंची भैरवी आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. तबकडीसोबत एक कार्ट्रिज आणि सुईही पाठवली आहे, आणि ती कशी ठेवायची याचे चित्र वेष्टनावर कोरले आहे, हे फारसे सांगितले जात नाही. सूर पोचवायचा तर सुई चांगली हवी, हे त्या मंडळींना ठाऊक होते. मग वडिलांच्या रेकॉर्डवर कुणाची तरी 'चार दिवसांची' सुई आपण का ठेवावी?