क्षोभाचा आकडा

एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्य हा माझ्या अध्यापनाचा विषय. निवृत्तीनंतर मी एक संगणकीय खेळ खेळतो असे कळले की जुने सहकारी सौजन्याने विषय बदलतात. खेळाचे नाव 'व्हिक्टोरिया २'. स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स या कंपनीने तो २०१० मध्ये काढला; २०२२ मध्ये त्याचा पुढचा अवतार आला, तरी माझे मन जुन्यातच रमते. १ जानेवारी १८३६ रोजी एखाद्या राष्ट्राचा कारभार हाती घ्यायचा आणि शंभर वर्षे हाकायचा. युद्धे त्यात भरपूर आहेत. मला त्यांत गोडी नाही. मी गुंततो तो अर्थखात्याच्या पानात आणि वरिष्ठ सभागृहाच्या रंगीत वर्तुळात.

या खेळात माणसे व्यक्ती म्हणून येत नाहीत. प्रांताप्रांतांतून व्यवसाय, धर्म आणि संस्कृती यांनुसार त्यांचे गट केलेले असतात: शेतकरी, मजूर, कारागीर, कारकून, धर्मोपदेशक, भांडवलदार, सरदार. प्रत्येक गटापुढे दोन आकडे असतात, एक जागृतीचा आणि दुसरा क्षोभाचा. दोन्ही शून्य ते दहा. कराच्या पट्ट्या तीनच, दरिद्री, मध्यम आणि श्रीमंत अशा तीन थरांसाठी. पट्टी सरकवणे बोटाचे काम. पण ती कोठवर सरकेल हे सत्तारूढ पक्षाचे आर्थिक धोरण ठरविते. निर्हस्तक्षेपवादी पक्ष सत्तेवर असला की कराची कमाल मर्यादा खाली येते आणि सरकारला कारखानाही उभारता येत नाही. तो भांडवलदारांनीच उभारायचा. त्यांच्यावर कर लादावा तर त्यांचे हात आखडतात. गरिबांवर लादावा तर धान्याला पैसा उरत नाही, आणि क्षोभाचा आकडा चढू लागतो.

सुधारणांचे प्रकरण याहून बोधप्रद आहे. मताधिकार, वृत्तपत्रस्वातंत्र्य, कामाचे तास, निवृत्तिवेतन यांतील काहीही देण्यास वरिष्ठ सभागृहाचे बहुमत लागते. उदारमतवादी राजकीय सुधारणांना, समाजवादी सामाजिक सुधारणांना अनुकूल असतात. सनातनी मात्र देशातील क्षोभ वाढल्यावाचून हलत नाहीत. म्हणजे सुधारणा हवी असेल, तर प्रजा शांत असून चालत नाही! प्रजेला सुखी ठेवणारा दयाळू राज्यकर्ता येथे वर्षानुवर्षे एकही कायदा करू शकत नाही. पहिल्याने मला हा यंत्राचा उद्धटपणा वाटला. मग इतिहास आठवला. १८३१ च्या ऑक्टोबरात लॉर्ड्सनी सुधारणा विधेयक फेटाळले, ब्रिस्टल पेटले, आणि १८३२ च्या जूनमध्ये सुधारणेचा कायदा झाला. समाजवाद्यांवर १८७८ मध्ये बंदी घालणाऱ्या बिस्मार्कनेच १८८३ मध्ये कामगारांना आजारपणाचा विमा दिला. आपल्या प्रबोधनकालीन कथा-कादंबऱ्यांत सुधारणा येते ती बहुधा सद्‌गुणी नायकाच्या हृदयपरिवर्तनातून. खेळाची समज याबाबतीत अधिक प्रौढ आहे, असे माझे मत आहे.

नेमक्या याच १८८३ साली जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पूर्ण केला. तो ग्रंथ मी अनेक वर्षे शिकविला. खेळताना तो आठवल्याखेरीज राहत नाही. खेळात नोकरशहांची संख्या वाढली की प्रशासन सुधारते आणि करवसुलीची गळती थांबते. म्हणून शहाणा खेळाडू त्यांची पैदास करतो. 'असुडा'त हाच कामगारवर्ग शेतकऱ्याच्या मानेवर बसलेला आहे. खजिन्याच्या बाजूने पाहिले तर जी कार्यक्षमता, ती बांधावरून पाहिली तर नागवणूक. दोन्ही हिशेब खरे. पण पडद्यावर एकच दिसतो.

वसाहतींबद्दल तर खेळ फारच मितभाषी आहे. तेथील प्रजेला मत नाही. तिचा क्षोभ साचला तर बंड होते, आणि बंडावर सैन्य पाठवायचे. येथे माझे खेळाशी भांडण आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी सावकारांवर चालून गेले आणि दंगा पुणे-नगर भागात पसरला. मागे वाढीव सारा होता, घसरलेले कापसाचे भाव होते, दिवाणी कोर्टांचे हुकूमनामे होते. त्यांना मत नव्हते, सभागृहही नव्हते. तरी १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा सरकारला करावा लागला. आणि त्या लोकांनी मुख्यतः केले काय? सावकारांच्या घरांतून कर्जरोखे काढले आणि जाळले. जेथे रोखे निमूटपणे हाती आले, तेथे सावकाराच्या अंगाला बहुधा हात लागला नाही. साऱ्याची रक्कम कोण ठरवितो, व्याज कोण चढवितो आणि कोणता कागद जमीन घेऊन जातो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. खेळात सावकार हा गटच नाही, आणि कर्जरोखाही नाही. तिथल्या शेतकऱ्याचा क्षोभ सातावर गेला तरी जाळायचे काय, हे त्याला ठाऊक नसते.