लहान शहर, मोठं महानगर

लोकसंख्येचा आकडा दिसला की तो नेमका कशाचा, हे आधी विचारा, असं मी वर्गात नेहमी सांगते. अमेरिकेच्या दक्षिण भागातली दोन शहरं घेऊ. टेनेसीतलं चॅटनूगा आणि साउथ कॅरोलिनातलं ग्रीनव्हिल. २०२० च्या जनगणनेत चॅटनूगात १,८१,०९९ माणसं, ग्रीनव्हिलमध्ये फक्त ७०,७२०. पण आजूबाजूची गावं धरून महानगर मोजलं की सगळं उलटं! ग्रीनव्हिल-अँडरसन ९,२८,१९५ आणि चॅटनूगा, शेजारच्या जॉर्जियातला भाग धरूनही, ५,६२,६४७. साउथ कॅरोलिनात जागामालकांच्या संमतीशिवाय शहराची हद्द वाढवणं फार अवघड आहे, म्हणून ग्रीनव्हिल कागदावर लहानच राहिलं. (कोल्हापूरकरांना हद्दवाढीचं दुखणं वेगळं सांगायला नको.)

माझ्या भाचीसाठी मात्र हा आकड्यांचा खेळ नव्हता. जावयांना दोन्हीकडून नोकरी आली होती. तिला फिट्स येतात, त्यामुळे गाडी चालवायची मनाई. पदरात तान्हं बाळ. बहीण फोनवर म्हणाली, "अगं, पोर घरात कोंडून पडेल. मोठ्या शहरातच जा म्हणावं."

मी म्हटलं, "ताई, नऊ लाखांचं महानगर तिच्या काय कामाचं? ती सगळी माणसं गाडीच्या अंतरावर. भाजी आणि दवाखाना पायी किती लांब, ते विचार तिला."

खरं तर मध्यवस्ती दोन्हीकडे छान आहे. ग्रीनव्हिलनं १९७० च्या दशकात चार पदरी मेन स्ट्रीट दोन पदरी केला, फुटपाथ रुंद करून झाडं लावली. तेव्हाचे महापौर मॅक्स हेलर तरुणपणी नाझींपासून जीव वाचवून व्हिएन्नाहून आलेले. पुढे रीडी नदीचा धबधबा झाकणारा मोटारींचा पूल पाडला आणि २००४ मध्ये तिथे फॉल्स पार्क झालं. रस्ता अरुंद करून बाजार वाढतो, हे आपल्याकडे कुणाला पटेल?

चॅटनूगात १९९२ मध्ये नदीकाठी मत्स्यालय आलं, मध्यवस्तीत विजेवरच्या मोफत बस सुरू झाल्या. पुढच्या वर्षी वॉलनट स्ट्रीटचा जुना पूल फक्त पायी चालणाऱ्यांसाठी खुला झाला; लांबी २,३७६ फूट! नुसतं फिरायला मी ग्रीनव्हिलच निवडलं असतं. पण कडेवर बाळ, हातात पिशव्या, तेव्हा बसच लागते.

भाचीनं चॅटनूगा घेतलं. आता संध्याकाळी बाबागाडी ढकलत ती पुलावरून पलीकडे जाऊन येते.