काळी, पांढर आणि वळसा

वस्तू खाली जाते की भुई वर येते, एवढं तरी मला कळायला हवं. इंदापूरच्या काळ्या रानात वैशाखात हात जाईल अशा भेगा पडतात. जोडवं, खुरपं, पोराची गोटी त्यात गेली की गेलीच. मोठा पाऊस झाला की चिकणमाती फुगते, भेग मिटते, आणि पुढच्या उन्हाळ्यात ती तिथंच पडेल असं नाही. वरची माती भेगेतून खाली, खालची दाबानं वर. ही जमीन स्वतःला नांगरत राहते.

डार्विनला मात्र उलट दिसलं. 1842 मध्ये शेतावर पसरलेले चुनखडीचे तुकडे 1871 मध्ये त्याला सात इंच खाली सापडले. गांडुळांनी खालची माती वर आणून टाकली होती. आपली पांढर, म्हणजे गावातली वस्तीची जागा, तीही अशीच चढते. भिंती पडतात, राख साठते, त्यावर नवं घर उभं राहतं. बारामती तालुक्यात सोनगावला, कऱ्हा-नीरेच्या संगमाजवळ, डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीची मडकी निघाली.

काखेत कळसा नि गावाला वळसा. या म्हणीतली बाई माझ्या मनातून हलत नाही. म्हण तिला विसरभोळी ठरवून मोकळी होते. पण भरला कळसा काखेत जाणवल्याशिवाय राहील का? म्हणजे तो रिकामा होता, ती पाण्याला निघाली होती आणि घरी कुणीतरी तहानलेलं होतं. तिची वाटही पाहा ना. गावाला वळसा म्हणजे एका हाताला पांढर, दुसऱ्या हाताला काळी. कळसा शोधताना तिची नजर दारोदार, माणसांवर. त्या चालण्यात पायातलं जोडवं निसटलं असेल, तर ते कुठल्या बाजूला पडलं? त्याची तर म्हणीत दखलच नाही.

आणि आता ती वाट तरी कुठे आहे? 1980 मध्ये उजनी धरण पूर्ण झालं, भीमाकाठची गावं पाण्यात गेली. पाणी फार आटलं की जुन्या पळसदेवचं देऊळ उघडं पडतं, लोक होड्यांतून बघायला जातात. मी काळी आणि पांढर यांतच निवड करत बसलो होतो. इथे तर दोन्हींवर एकच गाळ बसतोय, तोही कुठल्या कुठल्या वरच्या रानांतून वाहून आलेला. उद्या कुणी तो ट्रॉलीत भरून माळावर पसरला आणि त्यात एखादं जोडवं निघालं, तर ते कुठल्या गावचं म्हणायचं?