वीस टाके

माझा व्यवसाय दुसऱ्यांच्या तोंडी शब्द घालण्याचा आहे. हिंदीत किंवा इंग्रजीत कोणी लिहिलेला मजकूर माझ्या टेबलावर येतो. त्यात बालसंगोपन असते, धान्याची साठवण असते, कधी एखादी विम्याची योजना. साताऱ्यातल्या, त्याचप्रमाणे इंदूर, बडोदे किंवा हैदराबादेतल्या मराठी घरांत तो परका वाटू नये अशा रीतीने लिहून काढणे, एवढेच माझे काम. या कामाने माणसाला एक खोड जडते. समोरचा बोलू लागला, की त्याचे वाक्य पुरे होण्याआधीच नेमका शब्द आपल्या जिभेवर येऊन उभा राहतो, आणि तो पुढे सरकवल्याखेरीज चैन पडत नाही. कचेरीत या खोडीला तत्परता म्हणतात. घरी तिला काय म्हणावे, हे मला २०२४ च्या वसंतात समजले.

वडील गेल्यानंतर, २०१९ साली, आई आमच्याकडे दिल्लीस राहायला आली. येताना तिने दोन वस्तू आगगाडीतून मांडीवर घेऊन आणल्या होत्या. एक विणकामाच्या सुयांची पिशवी आणि दुसरे कढीलिंबाचे वीतभर रोप. दिल्लीची थंडी त्या रोपाला मानवेना. पहिल्याच पौषात त्याची सारी पाने गळाली आणि नुसती काटकी उरली. मी ते उपटून कुंडी रिकामी करायला निघाले होते. आईने माझा हात धरला, नखाने काटकीची साल किंचित खरवडली आणि आतला हिरवा रंग दाखवला. "आहे ते जिवंत. झोपले आहे. पाणी मात्र बेताने घाल, नाहीतर मुळे कुजतील," ती म्हणाली. फाल्गुन संपता संपता खरोखरच कोंब फुटले. पुढे दरवर्षी हाच प्रकार होत राहिला, आणि दरवर्षी मला वाटत राहिले, की यंदा काही ते उठत नाही.

२१ डिसेंबर २०२३. मार्गशीर्षातला गुरुवार. आईचा उपवास होता. सकाळी पूजेची मांडणी करताना तिच्या हातून तांब्या निसटला. बोलताना शब्द जरा जड आले. मला वाटले, उपवासाचा थकवा असेल, पित्त झाले असेल. मी तिला अंथरुणावर निजवले आणि म्हटले, "थोडा धीर धर, वाटेल बरे." दुपारी ह्यांनी तिच्याकडे पाहिले तेव्हा ओठांची उजवी बाजू ओघळली होती आणि उजवा हात उचलत नव्हता. आम्ही इस्पितळात पोहोचलो खरे. परंतु मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि आमची ती वेळ टळून गेली होती. तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे, यांपैकी एक जरी अकस्मात दिसले तरी क्षणही दवडू नये, असा मजकूर मी स्वतः पूर्वी मराठीत आणला होता. चांगला आणला होता, असेही मला वाटत होते. धीर धरण्याविषयी मी इथे काही लिहिते आहे ते हे सारे ध्यानात ठेवूनच वाचावे.

मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली, की शरीराची उजवी बाजू आणि पुष्कळदा वाणीही जाते. आईला ऐकलेले सारे कळत होते. बोलायला गेले, की शब्द सापडत नव्हता. डॉक्टर याला वाचाघात म्हणतात. पाणी हवे असले, की ती 'दूध' म्हणे आणि आपण चुकीचे बोललो हे तिचे तिलाच कळून तिचा चेहरा उतरे. नवल असे, की संध्याकाळी देवाजवळ दिवा लावला, की रामरक्षा ती जवळजवळ न अडखळता म्हणे. पाठ असलेले आणि क्रमाने येणारे शब्द मेंदू निराळ्या वाटेने आणतो म्हणतात. 'सात' हा एकटा शब्द तिला सापडत नसे. परंतु एकापासून सुरुवात केली, की सातापर्यंत ती सहज जाई.

वाणीच्या उपचारांसाठी जी मुलगी घरी येत असे, तिने पहिल्याच दिवशी मला बजावले, "मावशींचे वाक्य तुम्ही पुरे करायचे नाही. शब्द ओठांवर दिसत असला तरी थांबायचे." मी मान डोलावली, आणि त्याच संध्याकाळी चार वेळा नियम मोडला. आई 'ती... ती...' करी आणि मी 'खिडकी? चादर? गोळी?' अशी यादी वाचू लागे. बहुतेक वेळा त्यांतला एखादा शब्द बरोबर निघे. मला समाधान वाटे. ती मात्र भिंतीकडे तोंड फिरवी.

त्या जानेवारीत दिल्लीत दिवसच्या दिवस धुके होते. दुपारी घटकाभर ऊन पडले, की आमच्या तळमजल्याच्या अंगणात खुर्च्या मांडायच्या, हा परिपाठ. शेजारच्या घरातील पंजाबी आजी, ज्यांना सारी आळी बीजी म्हणते, लोकर घेऊन येत. बीजींना मराठी येत नाही. आईचे हिंदी भाजीवाल्यापुरते. तरीही चार वर्षे दोघी रोज उन्हात बसून विणत आल्या होत्या. नमुना दाखवायचा तर सुई पुढे करायची, एवढीच त्यांची भाषा. आजारानंतर घरी येणारा प्रत्येक जण आईशी मोठ्याने, लहान मुलाशी बोलावे तसे बोले. एकट्या बीजींच्या वागण्यात काडीचाही फरक पडला नाही. त्यांच्या आणि आईच्या मैत्रीत शब्द आधीपासूनच फारसे नव्हते, तेव्हा ते गेल्याचे त्यांना जाणवणार तरी कसे!

बीजींनीच एके दिवशी जाड सुया आणि निळ्या लोकरीचा गुंडा आणला. उजवीकडची सुई आईच्या काखेत पक्की बसवली, उजव्या हाताला नुसता धागा धरण्याचे काम दिले आणि टाके घालून दिले. वीस टाके. सगळे सुलट विणायचे, उलट टाका नाहीच. आमची नऊ वर्षांची कन्या शेजारी बसून मोजू लागली, आणि आई तिच्याबरोबर मोजू लागली. एक, दोन, तीन... वीसपर्यंत. आठवड्यांनंतर तिच्या तोंडून सलग शब्द ऐकू येत होते. एक ओळ पुरी व्हायला पाऊण तास लागला.

मला विणायला आईनेच शिकवले. मी तेव्हा कन्येएवढी होते आणि माझ्याने धीर धरवत नसे. चार बोटे विणून झाले, की खाली कुठे तरी सुटलेला टाका तिला दिसे. मी म्हणे, "राहू दे ना, कोण पाहते आहे?" ती काही न बोलता सुई काढून घेई आणि त्या टाक्यापर्यंत उसवून लोकर माझ्या हातात देई. क्रोशाच्या सुईने सुटलेला टाका वर उचलून घेता येतो, हे तिला पुरते ठाऊक होते. ती युक्ती तिने मला पुष्कळ वर्षांनी सांगितली. अजूनही मी तिला त्याबद्दल क्षमा केलेली नाही.

फेब्रुवारी आला. दिल्लीचा वसंत म्हणजे जेमतेम सहा आठवड्यांचा कारभार. होळीनंतर उन्हाचा चटका जाणवू लागतो. कचेरीतील मंडळी सुटीच्या दिवशी राष्ट्रपती भवनातील उद्यान पाहून आली. २०२३ पासून त्याला अमृत उद्यान म्हणतात. आम्हांला काही ते जमले नाही. आमच्या वाफ्यात ऑक्टोबरात पेरलेली स्वीट पी सुतळीवर चढून फुलली होती. पिटुनिया आणि फ्लॉक्स आपापल्या रंगांची मिजास मिरवीत होते. कोपऱ्यातली कढीलिंबाची काटकी तेवढी मख्ख उभी होती.

आईचे विणकाम आता वीतभर झाले होते. ते पाहवत नसे. वीस टाक्यांचे तेवीस झाले होते, एका कडेला फुगवटा, मधे दोन भोके. एका रात्री ती झोपल्यावर माझ्यातल्या संपादिकेने उचल खाल्ली. मी ते सारे उसवले, पुन्हा वीस टाके घातले आणि मध्यरात्र उलटेपर्यंत तेवढेच विणून, जिथल्या तिथे ठेवून दिले. तिला हुरूप येईल, अशी माझी समजूत. मुद्रिते तपासतानाही मी असेच करते. लेखकाचे अवघडलेले वाक्य गुपचूप सरळ करून टाकते, आणि सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईने विणकाम मांडीवर घेतले. डाव्या हाताचा अंगठा एकदा त्यावरून फिरवला. प्रत्येकाच्या हाताची ओढ निराळी असते. कोणी घट्ट विणतो, कोणी सैल, आणि विणणाऱ्याला दुसऱ्याचा हात लगेच ओळखू येतो. तिने माझ्याकडे पाहिले. मग सुई ओढून काढली, धाग्याचे टोक धरले आणि डाव्या हाताने एकेक ओळ उसवीत पहिल्या टाक्यापर्यंत आली. बीजींनी अवाक्षर काढले नाही. त्यांनी सुया पुसल्या आणि पुन्हा वीस टाके घालून दिले.

मी आत जाऊन पुष्कळ वेळ स्वयंपाकघरात उभी राहिले. इंग्रजीत सहनशील माणसाला आणि दवाखान्यातल्या रुग्णाला एकच शब्द आहे. दोन्हींचे मूळ सोसणे. आपल्याकडे पेशंट म्हणजे केवळ रुग्ण. धीरासाठी आपण निराळे शब्द ठेवले आहेत: धीर, संयम, चिकाटी, आणि अरबीतून फिरत फिरत आलेली सबुरी. मजकुरात यांतला कोणता कुठे बसतो, हे मी झोपेतही सांगू शकले असते.

मार्च अर्धा सरला. रस्त्यावरच्या कडुनिंबांची पाने झडून पदपथ पिवळे झाले होते, सावरीची लाल फुले टपटप पडत होती. आई अंगणात काठी टेकून चार पावले चालू लागली होती. एके दुपारी ती कढीलिंबाच्या कुंडीपाशी थांबली आणि मला खुणावले. "पा..." ती म्हणाली. "पा..."

पाणी. झारी पायाशीच होती. माझा हात तिच्या कडीपर्यंत गेलाही होता. पण तो मी मागे घेतला आणि पदराच्या आड मुठीत घट्ट धरून ठेवला. आई डोळे मिटून शब्द शोधीत होती. बीजींच्या सुयांचा आवाज येत होता. किती वेळ गेला, सांगता येत नाही. मला तो एका ओळीच्या पाऊण तासाहून मोठा वाटला.

"पालवी," आई म्हणाली.

मी वाकून पाहिले. काटकीच्या सांध्यात, ज्वारीच्या दाण्याएवढा, तांबूस हिरवा ठिपका होता. चष्मा लावूनही मला तो दिसला नसता.

त्या वर्षी पाडवा ९ एप्रिलला होता. ऊन तापले म्हणून मी घरातले लोकरीचे कपडे वाळवलेल्या कडुनिंबाच्या पाल्यात घालून ट्रंकेत भरायला काढले. आईची पिशवी उचलली तर तिने ती माझ्या हातातून काढून घेतली. निळे विणकाम तोवर टीचभर झाले होते. त्यावर बावीस टाके आहेत. मी मोजले, पण काही बोलले नाही. पंख्याखाली बसून ती ते विणत असते, आणि कन्या शाळेतून आली, की दोघी मिळून मोजतात.